टेबलं आली, रेषा का नाहीत?

प्रश्न : पतसंस्थेच्या जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसची आकृती वर्कबेंच या मायएसक्यूएलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिव्हर्स इंजिनिअर' करून, म्हणजे तयार डेटाबेसवरून उलट, काढली. टेबलं सगळी आली, पण त्यांना जोडणारी एकही रेषा नाही. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून काही साधणार नाही. वर्कबेंच असो वा डीबीव्हरसारखं दुसरं सॉफ्टवेअर, रेषा आपोआप उमटते ती फॉरेन की असेल तरच, म्हणजे एका टेबलातला रकाना दुसऱ्या टेबलातल्या रकान्याशी बांधणारा नियम डेटाबेसमध्ये नोंदलेला असेल तरच. 'शो टेबल स्टेटस' ही आज्ञा चालवून इंजिनचा (टेबलातली माहिती साठवणाऱ्या यंत्रणेचा) रकाना पाहा. तिथे बहुधा मायआयसॅम दिसेल. हे इंजिन फॉरेन कीची आज्ञा तक्रार न करता गिळून टाकतं. मायएसक्यूएल 5.5 पासून नव्या टेबलांसाठी इनोडीबी हे फॉरेन की पाळणारं इंजिन आपोआप निवडलं जातं, जुनी टेबलं मात्र तशीच राहतात.

आधी बॅकअप घ्या, मग 'अल्टर टेबल'ने इंजिन इनोडीबी करा. त्यानंतर लेफ्ट जॉइन (जोडी न सापडलेल्या नोंदीही दाखवणारी जोडणी) लावून अनाथ नोंदी शोधा, म्हणजे ज्यांचा सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात नाही अशा खातेनोंदी. त्या राहिल्या तर फॉरेन की जोडताना 1452 क्रमांकाची चूक येते. दोन्ही रकान्यांचा प्रकारही तंतोतंत जुळायला हवा. एकीकडे इंट (पूर्णांक) आणि दुसरीकडे अनसाइन्ड इंट (ऋण नसलेला पूर्णांक) असेल, तर आवृत्ती 8 मध्ये 3780 ची चूक ठरलेलीच.

डेटाबेसला हात लावायची परवानगी नसेल, तर डीबीडायग्राम या मजकुरावरून आकृती काढणाऱ्या साधनात टेबलांमधली नाती मजकुरात लिहून काढा. नुसत्या कागदपत्रांसाठी आमची पसंती त्यालाच: मजकुराची फाइल गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवता येते, कोणता बदल कधी झाला ते ओळीनिशी दिसतं. आकृतीचं मॉडेल आणि डेटाबेस एकमेकांशी जुळवणारं वर्कबेंचचं 'सिंक्रोनाइझ' वापरणार असाल, तर तयार झालेली स्क्रिप्ट पूर्ण वाचल्याशिवाय चालवू नका. मॉडेलमध्ये नसलेलं टेबल त्यात ड्रॉप होऊ शकतं, म्हणजे डेटाबेसमधून पुसलं जाऊ शकतं.