भारत 1947 मध्ये स्वतंत्र झाला, मग गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे का राहिला?

मुख्य कारण असे की, गोव्यावर ब्रिटिशांची सत्ता नव्हतीच. 1510 पासून तेथे पोर्तुगालचे राज्य होते, आणि हुकूमशहा सालाझार यांना ते सोडायचे नव्हते. 1951 मध्ये त्यांनी घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरवले, म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याने वाटाघाटींचा प्रश्नच उद्भवत नाही, असा दावा करता आला. पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीचा संस्थापक सदस्य असल्यामुळे नेहरूंनाही लष्करी कारवाईपूर्वी आंतरराष्ट्रीय परिणामांचा विचार करावा लागला.

मात्र गोवेकर स्वस्थ बसून होते, हा समज अन्यायकारक आहे. लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासणीशिवाय छापता येत नसे, अशा काळात 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि लोक भर पावसात त्यांना ऐकायला जमले. पुढे 1954 मध्ये पोर्तुगीजांच्याच ताब्यातील दादरा व नगर हवेली मुक्त झाली. 15 ऑगस्ट 1955 रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात अनेकांचे प्राण गेले, आणि त्याच वर्षी भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले.

अखेर 18 डिसेंबर 1961 रोजी ‘ऑपरेशन विजय’ ही भारताची लष्करी कारवाई सुरू झाली. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश असतानाही गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी दुसऱ्याच दिवशी शरणागती पत्करली. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व 1974 मध्ये, तेथील हुकूमशाही कोसळल्यावरच मान्य केले.