‘सर, तेव्हा तुम्ही होतात का बघायला?’

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. विश्वाच्या उत्पत्तीचा विषय निघाला, मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘‘सर, तेव्हा तुम्ही होतात का बघायला?’’ वर्ग हसला आणि तू ‘‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’’ म्हणून त्याला खाली बसवलंस. तेव्हापासून चुटपुट लागून राहिलीय, असं लिहिलंस. लागायलाच हवी. त्या दिवशी वर्गात विज्ञानाचा प्रश्न त्या एकट्या पोराने विचारला होता : हे तुम्हाला कळलं कसं?

त्याचं उत्तर आहे, आणि फार सुंदर आहे. प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो. सूर्य आपल्याला आठ मिनिटांपूर्वीचा दिसतो, देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीची. जितकं लांब पाहावं तितकं जुनं दिसतं. तेव्हा बघायला कोणी नव्हतं हे खरंच, पण त्या काळचा उजेड अजून वाटेत आहे.

आता त्याला १९६४ सालची गोष्ट सांग. पेंझियास आणि विल्सन हे अमेरिकेतले दोन शास्त्रज्ञ एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनाशी झगडत होते. तिच्यात एक बारीक खरखर यायची. कुठल्याही दिशेला वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं. ती हाकलली, विष्ठा साफ केली, सांधे तपासले. तरी खरखर जाईना. इथेच थांब. उत्तर सांगायची घाई करू नकोस, मुलांना तर्क करू दे. मग सांग, की ती खरखर म्हणजे विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश आहे, निवत निवत आज २.७ केल्विनवर, म्हणजे जवळजवळ उणे २७० अंश सेल्सिअसवर आलेला.

‘सिद्ध केलंय’ हा शब्द मात्र जपून वापर. आपल्याकडे ‘सिद्धांत’ म्हटलं की त्यातल्या ‘सिद्ध’मुळे मुलांना विषय संपल्यासारखा वाटतो, आणि ‘थिअरी’ म्हटलं की तीच मुलं ‘नुसती थिअरीच ना’ म्हणून उडवून लावतात. दोन्ही वेळा पुरावा बाजूलाच राहतो. विश्वाच्या या सुरुवातीला दिलेलं ‘महास्फोट’ हे नावही दिशाभूल करतं. रिकाम्या जागेत बॉम्ब फुटावा तसं काही झालं नाही, जागाच ताणली गेली. त्याचं मूळ इंग्रजी नाव ‘बिग बँग’ १९४९ साली रेडिओवरच्या भाषणात दिलं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांनी, म्हणजे या कल्पनेच्या विरोधकानेच!

वाद कसा घालावा हे त्यांच्याकडूनच शिकवावं असं मला मनापासून वाटतं. १९४८ साली हॉएल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीची कल्पना मांडली : विश्व प्रसरण पावतं, पण त्याला सुरुवात नाही, ते सर्वकाळ सारखंच दिसतं. ‘सर्वकाळ सारखंच’ हे तपासून पाहता येतं. तपासलं, आणि ते टिकलं नाही. आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हॉएल यांच्यासोबत या बाजूने उभे राहिले. १९९३ साली दोघांनी बर्बिज यांच्याबरोबर सुधारित रूप मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही नाही. पण आपलं म्हणणं कुठल्या निरीक्षणावर तोलायचं, हे ते सांगत राहिले.

कुणी धर्मग्रंथ पुढे केला, तर चिडू नकोस आणि त्याच्या घरच्या श्रद्धेला हात घालू नकोस. विश्वाच्या प्रसरणाचं गणित १९२७ साली मांडणारे बेल्जियमचे शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते. १९५१ साली पोपनी महास्फोटाचा सिद्धांत ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा ते लमेत्रनाच रुचलं नाही. ‘त्याआधी काय होतं?’ असं कुणी विचारलं, तर तिथे आपली समीकरणं थांबतात, हे सरळ सांग.

उद्या त्याच मुलाला पुढे बोलव. त्याच्या हातात रुंद रबरी पट्टी दे, तिच्यावर एकेका सेंटिमीटरवर शाईचे ठिपके काढ आणि ती दुप्पट ताणायला सांग. पहिल्या ठिपक्यापासून एक सेंटिमीटरवरचा दोनवर जाईल, तीनवरचा सहावर. मधल्या कुठल्याही ठिपक्यापासून मोजलं तरी तेच : लांबचा जास्त पळतो. १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ हबल यांना दीर्घिकांमध्ये हेच दिसलं. मोजमाप त्यालाच फळ्यावर लिहू दे. मग तो पुढे काय विचारतो, ते मला कळव.

तुझा,
एक जुना शिक्षक