जोएल हेवरसारखं एकट्याने कॉमेडी फिल्म्स बनवून करिअर होतं का?

होतं, पण हेवरचे व्हायरल कार्टून व्हिडिओ बघून हिशोब मांडू नका. हा अमेरिकन यूट्यूबर पोरगा आधी मित्रांना घेऊन साधं शूटिंग करतो, संवाद बरेचदा ऐनवेळी सुचलेले, मग एखाददुसरी फ्रेम हाताने कार्टूनसारखी रंगवतो आणि एबसिंथ नावाचं सॉफ्टवेअर तोच रंग पुढच्या फ्रेम्सवर पसरवतं. मान वळली की नाक गालावर घसरतं, रेषा वितळल्यासारख्या हलतात, आणि खरं सांगायचं तर अर्धं हसू त्यानेच येतं! ही युक्ती त्याने स्वतःच व्हिडिओ करून सगळ्यांना फुकटात शिकवली.

पण मला भारी वाटतं ते त्याचं २०२१. दर महिन्याला एक अशा वर्षात १२ पूर्ण लांबीच्या फिल्म्स केल्या राव, आणि यूट्यूबवर टाकून मोकळा. छोट्या विनोदी स्केचइतके व्ह्यूज लांब फिल्मला मिळत नाहीत हे माहीत असून.

आपल्याकडे भाडिपा हे मराठी कॉमेडी यूट्यूब चॅनल २०१६ पासून आहे पण ती टीम आहे, एकट्याचा कारभार नाही. तुम्ही सुरू करणार असाल तर नोकरी लगेच सोडू नका, मोबाईल आहे आणि दोन बिनलाजे मित्र आहेत ना, मग या रविवारीच काहीतरी शूट करा, आवाज मात्र नीट घ्या, चित्र धूसर चालतं, पंच ऐकूच आला नाही तर संपलं.