गाडीच्या आरशातलं बटण बंगल्याच्या शटरला जोडावं का?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेल्या गाडीच्या आरशाखाली रिमोटचं काम करणारी तीन बटणं आहेत, ती बाणेरच्या घराच्या पार्किंगच्या शटरला जोडायचीत आणि घरात तीन वर्षांचं मूल आहे. जोडा, पण आधी शटर तपासा.

आमचं घर सहकारनगरला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गाडी बाहेर काढली, वळताना सवयीनं बटण दाबलं आणि मागे न बघता निघालो. संध्याकाळी आलो तर नातीची तीनचाकी शटरखाली चेपलेली, हँडल पार वाकलेलं. चौकटीला दोन्हीकडे सेन्सर होते. मध्ये काही आलं की शटर थांबायला हवं होतं. कंट्रोल बॉक्सचं झाकण काढलं, तर सेन्सरच्या टर्मिनलवर बोटभर लाल वायर. पावसाळ्यात सेन्सरच्या काचेवर चिखल बसून शटर बंद होईना, तेव्हा आलेल्या मेकॅनिकनं सेन्सर बायपास करून ठेवला होता आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं. नात रोज त्याच जागी खेळते. ती वायर आठवली की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून मोटर बसवणाऱ्याला समोर उभं करून झाकण उघडायला लावा. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या नव्या मोटरींना अडथळा आला की दार उलटं फिरवण्याची सोय सक्तीची आहे. आपल्याकडे दुकानाच्या शटरची साधी मोटर घराला लावलेली सर्रास दिसते. तिला यातलं काही नसतं. तशी असेल तर आधी सेन्सर बसवून घ्या, तोवर गाडीचं बटण जोडूच नका. तपासणी सोपी आहे: शटर खाली येताना झाडूचा दांडा सेन्सरसमोर धरा, मग दीड-दोन इंच जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी ठेवून बघा. दोन्ही वेळा शटर माघारी वर गेलं पाहिजे. हात किंवा पाय घालून कधीच बघू नका.

जोडण्याआधी जुन्या मालकाचे कोड पुसा. बहुतेक गाड्यांत कडेची दोन बटणं एकदम दाबून दिवा भराभर लुकलुकेपर्यंत धरायची असतात. गाडीचं मॅन्युअल बघा. तुमचा रिमोट रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा असेल, तर मोटरवरचं लर्न बटणही (नवा रिमोट ओळखायला लावणारं) दाबावं लागतं. हे चालू असताना शटर अचानक हलू शकतं, म्हणून मूल घरात कोणाच्या तरी कडेवर हवं. गाडी बाहेर उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही.

रोजचा नियम एकच: शटर नजरेत असेल तरच बटण दाबायचं आणि ते जमिनीला टेकेपर्यंत हलायचं नाही. एकाच बटणानं उघडतं, थांबतं आणि बंदही होतं, त्यामुळे घाईत दोनदा दाबलं की ते कुठे जाईल ते कळत नाही.

मंगल कार्यालयात व्हॅलेला, म्हणजे गाडी नेऊन लावणाऱ्या माणसाला, गाडी देताना आरसी बुक खणात ठेवू नका. त्यावर पत्ता आहे आणि आरशात घराची किल्ली. गाडी विकताना कोड पुसा.

वीज गेली की शटर हातानं कसं उचलायचं, तेही घरातल्या सगळ्यांना एकदा करून दाखवा. सेन्सरच्या काचा पावसाळ्यात दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसत जा.