एफ/०.९५ येतेय म्हणून हातातली लेन्स विकायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कॅमेरा फुजीचा एक्स-टी३०, त्यावर ३५ मिमी एफ/२. एका नव्या मॅन्युअल फोकस लेन्सचा काळ्या पार्श्वभूमीवर नुसती कड उजळलेला फोटो तुम्ही पाहिलात, खाली ‘लवकरच’ एवढंच. लोक एफ/०.९५ असणार म्हणतायत (हा आकडा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा; तो जितका लहान तितका उजेड जास्त). तर हातातली ३५ विकून पैसे तयार ठेवावेत, की आज बाजारात आहे त्यातलं काही घेऊन मोकळं व्हावं? आणि अशी लेन्स भर उन्हात चालेल का?

विकू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लांबणार आहे.

मी मॅन्युअल लेन्स वापरतोय त्याला बारा वर्षं होऊन गेली. सुरुवात जुन्या रशियन हेलिओस ४४ पासून, अडॅप्टर लावून. तोवर माझ्याकडे डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) होता आणि त्यावर फास्ट, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, लेन्स हाताने फोकस करणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. नजर अधू म्हणून नव्हे. ऑटोफोकसच्या जमान्यातल्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन उजळ दिसावा म्हणून असा बनवलेला असायचा की लेन्स एफ/१.४ असली तरी डोळ्याला साधारण एफ/२.८ इतकी जास्त डेप्थ (शार्प दिसणाऱ्या भागाची जाडी) दिसायची. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं टकाटक, घरी येऊन संगणकावर बघावं तर नाक शार्प आणि डोळे गेले. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, सेन्सरवर जे पडतंय तेच तुम्हाला दिसतं, त्याच अ‍ॅपर्चरला, आणि हवं तिथे मोठं करून बघता येतं. मॅन्युअल लेन्सना गेल्या दशकात पुन्हा दिवस आले त्यात नॉस्टॅल्जियापेक्षा या साध्या सोयीचा वाटा जास्त आहे, असं माझं मत.

दुसरं कारण माउंटचं, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते त्या जागेचं. आरसा गेला, लेन्स सेन्सरच्या जवळ आली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ मिमी, झेड माउंटचं १६. तुमच्या फुजी एक्सचं १७.७. एवढी जागा मोकळी झाल्यावर मागची काच मोठी आणि सेन्सरला लागून ठेवता येते, आणि एफ/१ च्या आसपासच्या लेन्स बनवणं तुलनेने सोपं होतं. निकॉनने २०१८ च्या ऑगस्टमध्ये झेड सिस्टिम आणली तेव्हाच ५८ मिमी एफ/०.९५ नॉक्ट येणार म्हणून सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती जाहीर झाली २०१९ च्या ऑक्टोबरात: वजन २ किलो, किंमत ७,९९९ डॉलर, आणि ऑटोफोकस नाहीच. चौदा महिने ‘येतेय येतेय’ म्हणून तिच्या नावाने जप करणाऱ्यांपैकी माझ्या ओळखीत एकानेही ती घेतली नाही. काच उत्कृष्टच आहे, पण दोन किलो गळ्यात घालून कोण फिरणार?

तुमच्यासाठी याहून जवळचं उदाहरण आहे. फोइग्टलँडर या नावाने जपानची कोसिना कंपनी लेन्स बनवते. नाव मूळचं व्हिएन्नाचं, १७५६ पासूनचं. फास्ट काचेचं वेडही त्या नावाला जुनंच: पेट्झवालची गाजलेली पोर्ट्रेट लेन्स १८४० मध्ये त्यांनीच बनवली, कारण तेव्हाच्या लेन्समध्ये माणसाला मिनिट-मिनिट पुतळ्यासारखं बसावं लागे. असो. तर या कोसिनाच्या फुजीसाठी दोन ३५ मिमी नॉक्टन आहेत. एक एफ/१.२, २०२१ ची, २०० ग्रॅमच्या आत. दुसरी २०२३ ची, एफ/०.९, जवळपास ५०० ग्रॅम. दोन्हींचा फोकल लेंग्थ एक, बनवणारे हात एक. १.२ वरून ०.९ ला आल्यावर प्रकाश मिळतो पावणेदोन पट, म्हणजे एक स्टॉपसुद्धा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) पुरा नाही. वजन मात्र अडीच पट. तुमची आताची एफ/२ आहे १७० ग्रॅमची. ज्या लेन्सचा अजून काळोखातला फोटोच आलाय तिचं वजन कुणी सांगितलेलं नाही, पण काचेच्या हिशेबातून कुणाची सुटका नाही. ती पाचशेच्या आसपास निघाली तर नवल वाटून घेऊ नका. एक्स-टी३० ची पकड त्यापुढे चिमुकली आहे. बाहेरून ग्रिप लावावी लागेल, तिचेही पैसे धरा.

आता फायदा काय, तेही सांगतो, नाहीतर वाटेल की हा माणूस मोडता घालायलाच बसलाय. एफ/२ वरून एफ/०.९५ म्हणजे कागदावर दोन स्टॉपपेक्षा जरा जास्त. जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ६४०० लागत होतं तिथे १६०० च्या आत भागतं. ‘कागदावर’ अशासाठी, की इतकी रुंद काच असली की कडेचे किरण सेन्सरवर फार तिरके पडतात आणि पिक्सेल ते सगळेच्या सगळे टिपत नाहीत. थोडी गळती धराच. आणि एक गैरसमज: तुमचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे ३५ एफ/०.९५ ची पार्श्वभूमी फुल फ्रेमवरच्या ५० एफ/१.४ इतकीच विरघळेल. उजेड ०.९५ चा मिळेल, पार्श्वभूमीचा धूसरपणा १.४ चा. बऱ्याच जणांना हे लेन्स हातात आल्यावर कळतं आणि मग तोंड वाकडं होतं.

डेप्थ किती पातळ असते ते आकड्यात बघा. ३५ मिमी एफ/०.९५, समोरची वस्तू ६० सेंटिमीटरवर: शार्प भाग जेमतेम १ सेंटिमीटर. तुमच्या एफ/२ वर तोच साधारण २.

हा एक सेंटिमीटर मी पहिल्यांदा नीट अनुभवला तो पेणला. गणपतीच्या आधी महिनाभर एका कारखान्यात गेलो होतो, मित्राची ३५ एफ/०.९५ उसनी घेऊन. पावसाळी दुपार, दारातून येणारा राखाडी उजेड आणि वर एक ट्यूब. कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर, सगळे त्यांना काका म्हणत, शाडूच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. ब्रशला केस किती असतील, पाच-सहा. ते काम करताना श्वास रोखतात, हे मला व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून बघितल्यावर कळलं: रेघ ओढायच्या आधी ब्रशचं टोक क्षणभर अगदी स्थिर होतं. मग मीही तेच केलं. रिंग फिरवायची नाही. ब्रशच्या टोकावर एकदा फोकस बसवला की कोपर गुडघ्यावर टेकवून स्वतःच एखाद-दोन मिलिमीटर पुढेमागे व्हायचं आणि टोकावरचा ओला काळा रंग चमकला की क्लिक. ६४ फ्रेम काढल्या, ९ बरोबर आल्या. त्यातल्या सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये ब्रशचं टोक आणि मूर्तीचा उजवा डोळा धारदार, डावा डोळा निम्मा विरघळलेला, आणि मागे काकांचा चेहरा म्हणजे उबदार रंगाचा नुसता ढग. फोटो दाखवला तर म्हणाले, “अहो, यात मी कुठाय?” मग मी एफ/४ करून त्यांचा वेगळा काढला.

हे काम त्या लेन्सचं होतं, कारण मूर्ती हलत नाही. त्याच लेन्सने चार दिवसांनी भाचीच्या वाढदिवसाला गेलो आणि दीडशे फ्रेममधून भाचीचा एक धड फोटो मिळाला नाही. केकचे चांगले आले. म्हणून म्हणतोय, ती एफ/२ विकू नका. धावतं पोर, लग्नातली गडबड, रस्त्यावरची घाई, तिथे डोळा ओळखणारा ऑटोफोकसच तुमची लाज राखेल.

लेन्सचा तपशील जाहीर होईल तेव्हा सगळे एफ-नंबर आणि किंमत बघतील. मी आधी माउंटच्या बाजूचा फोटो बघतो. तिथे सोनेरी संपर्कबिंदू असतील तर लेन्स कॅमेऱ्याशी बोलणार: अ‍ॅपर्चर फोटोच्या माहितीत नोंदलं जाणार, आणि मुख्य म्हणजे रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होण्याची सोय बहुधा मिळणार. फुजीच्या त्या नॉक्टनना हे संपर्क आहेत. स्वस्तातल्या बहुतेक चिनी लेन्सना नसतात. म्हणून त्या वाईट नव्हेत, पण मेन्यूत जाऊन लेन्सशिवाय शूट करण्याची परवानगी चालू करावी लागते, नाहीतर कॅमेरा शटरच सोडत नाही (पहिल्या दिवशी ‘लेन्स खराब निघाली’ म्हणून ओरडणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात), आणि मोठं करायला दर वेळी बटण दाबावं लागतं. एफ/०.९५ वर ते दर फोटोला दाबावं लागतं, हे लक्षात घ्या.

त्यानंतर बघायचं ते फोकस रिंग किती फिरते. जवळून अनंतापर्यंत नव्वद अंशांतच संपत असेल तर एवढ्या पातळ डेप्थला ती रिंग निरुपयोगी. बोट हललं की फोकस पार. नॉक्टची रिंग जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरते ते उगाच नाही. उलट फार लांब फिरणारी रिंग चालत्या माणसाला पकडू देत नाही. दीडशे ते दोनशे अंशांमध्ये माझा हात रमतो. तुमचा कदाचित वेगळ्या ठिकाणी रमेल.

फोकस पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. रंगीत कडा दिसल्या म्हणजे फोकस बसला, असं एफ/०.९५ वर नसतं. पीकिंग कॉन्ट्रास्ट शोधतं, आणि पूर्ण उघड्या फास्ट लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळात मऊ असतो, कडेला दुधाळ प्रभा असते. त्यामुळे ते कधी दिसतच नाही, तर कधी पापणीपासून कानापर्यंत सगळीकडे लाल होतं. मी पीकिंग फक्त ढोबळ अंदाजाला ठेवतो, नेमका फोकस मोठं करूनच. तुमच्या फुजीत स्प्लिट इमेजचीही (चित्राचे तुकडे जुळले की फोकस बसला) सोय आहे, सरळ उभ्या रेघा असल्या की ती छान चालते. आणि ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला फोकस करा. अशा बऱ्याच लेन्समध्ये उघडी असताना बसवलेला फोकस एफ/२.८ करताच थोडा मागे सरकतो.

भर उन्हाचं विचारलंच आहे तुम्ही, तर हिशेब सोपा. आयएसओ १६० ला स्वच्छ उन्हात एफ/१६ वर साधारण १/१६० शटर लागतं. तिथून एफ/१ पर्यंत आठ स्टॉप. म्हणजे १/४०००० च्या आसपास. तुमचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं आणि इलेक्ट्रॉनिक १/३२००० ला. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लागणारच, तोही लेन्सच्या रुंद तोंडाचा.

आगाऊ पैसे भरण्याबद्दल मात्र मी कडवा झालोय. एका दुकानात अशाच एका ०.९५ साठी निम्मी रक्कम भरली होती. ‘पुढच्या महिन्यात’ करत करत सात महिने गेले. लेन्स आली तर डावी बाजू सगळी मऊ. काच तिरकी बसलेली. दुकानदार म्हणाला, माल बाहेरून आणलेला आहे, वॉरंटीसाठी परदेशी पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. पैसे परत मिळायला अजून तीन महिने आणि बरीच भांडणं. तेव्हापासून पहिल्या खेपेचा माल घ्यायचा नाही आणि दुकानात चाचणी केल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही. चाचणी पाच मिनिटांची आहे: दुकानाबाहेर या, लांबच्या इमारतीची एकच गॅलरी फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणा, प्रत्येक वेळी त्या कोपऱ्यातच फोकस करून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा वेगळा असेल तर ती लेन्स परत काउंटरवर ठेवा. आणि भारतातलं अधिकृत बिल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

थांबायचा काळ असा घालवा. उद्यापासून कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूची फोकसची कळ एम वर करा, एफ/२ वर अ‍ॅपर्चर ठेवा आणि महिनाभर तसंच काम करा. तुमची ३५ हाताने फिरवली तरी आत मोटरच फिरते, रिंगला तो मलईसारखा जडपणा नाही, त्यामुळे मजा अर्धीच येईल. पण डोळ्याची सवय होते. महिन्याअखेरीस घरातल्या माणसांचे, दिव्याच्या उजेडातले, मीटरभर अंतरावरचे शंभर फोटो मोजा. साठ बरोबर आले असतील तर ०.९५ तुमच्या हातात शोभेल. तीसच्या खाली असाल तर आधी एखादी सेकंडहँड एफ/१.४ किंवा १.२ मॅन्युअल घ्या, तिच्यावर वर्ष काढा. पुढे विकताना फार तोटा होत नाही.

महिन्यानंतर आकडा काय आला ते इथेच लिहा. आणि तोवर त्या लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो कुठे दिसला तर तोही टाका, सोनेरी ठिपके आहेत का ते मलाही बघायचंय.