टायटल बार आपला, चौकट विंडोजची

प्रश्न : द्राक्षांच्या पॅकहाउससाठी काट्यावरचं वजन मोठ्या आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये, थेट विन३२ वापरून लिहिलाय. टायटल बार हिरवा हवा आणि त्यातच ‘टेअर’चं (रिकाम्या भांड्याचं वजन वजा करण्याचं) बटण हवं, म्हणून डब्ल्यूएस_पॉपअप ही बिनचौकटीची शैली देऊन चौकट काढली. आता विंडो ओढता येत नाही, कडेला धरून लहान-मोठी होत नाही आणि मॅक्सिमाइझ केली की टास्कबार झाकला जातो. काय करावं?
— एक वाचक, ओझर, जि. नाशिक

उत्तर : तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ही कामं विंडोज चौकटीच्या भरवशावर करतं. चौकट गेली की ती सगळी तुमच्या अंगावर येतात. शैली डब्ल्यूएस_ओव्हरलॅप्डविंडो (नेहमीची चौकटीची) हीच ठेवा.

नुसता रंग हवा असता, तर विंडोज ११ वर डीडब्ल्यूएमसेटविंडोअ‍ॅट्रिब्यूट या फंक्शनला ३५ क्रमांकाचा गुणधर्म देऊन भागलं असतं (कडेच्या रेषेला ३४, अक्षरांना ३६). विंडोज १० ते मानत नाही.

बटणही हवंय, म्हणून बार स्वतःच रंगवावा लागेल. डब्ल्यूएम_एनसीकॅल्कसाइझ (चौकटीला किती जागा सोडायची, हे विचारणारा विंडोजचा संदेश) आला आणि त्यासोबतचा डब्ल्यूपॅरम खरा असला, की ० परत करा. चौकट दिसेनाशी होते, शैली मात्र शाबूत राहते. विंडो तयार झाल्यावर एसडब्ल्यूपी_फ्रेमचेंज्ड देऊन सेटविंडोपॉस एकदा बोलवा, नाहीतर आकार बदलेपर्यंत जुनाच बार दिसत राहतो. बंद आणि मिनिमाइझची बटणंही आता तुम्हालाच काढायची आहेत.

खरी गोम डब्ल्यूएम_एनसीहिटटेस्टमध्ये, म्हणजे माउस विंडोच्या कुठल्या भागावर आहे हे विचारणाऱ्या संदेशात आहे. तपासणीचा क्रम असा ठेवा : आधी कोपरे, मग कडा, मग बटणं (उत्तर एचटीक्लायंट), शेवटी बारची उरलेली पट्टी (उत्तर एचटीकॅप्शन). पट्टी आधी तपासली, तर वरची कड कधीच हाती लागत नाही. माउसची जागा पडद्याच्या मापात येते, ती स्क्रीनटूक्लायंटने विंडोच्या मापात बदलून घ्या. त्या जागेचा एक्स (आडवं अंतर) काढायला लोवर्ड वापरू नका : दुसरा मॉनिटर डावीकडे असेल तर एक्स ऋण असतो, आणि लोवर्ड त्याचा साठ हजारांच्या घरातला आकडा करतो. गेट_एक्स_एलपॅरम वापरा.

मॅक्सिमाइझ केलेली विंडो चारही बाजूंनी थोडी पडद्याबाहेर जाते, १०० टक्के स्केलिंगला ८ पिक्सेल. मग बटणाचा माथा कापला जातो. एनसीकॅल्कसाइझमध्येच इझझूम्डने विंडो मॅक्सिमाइझ आहे का ते तपासून तिचा आयत तेवढा आत घ्या. पण कोडमध्ये ८ लिहून मोकळं होऊ नका, १२५ टक्क्यांच्या लॅपटॉपवर तो चुकतो. गेटसिस्टिममेट्रिक्सफॉरडीपीआयकडून एसएम_सीएक्ससाइझफ्रेम आणि एसएम_सीएक्सपॅडेडबॉर्डर ही कडेची मापं मागून त्यांची बेरीज घ्या.