तुला रोज हरवणारा माणूस शोध

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही शांतपणे वाचले. पुढच्या वर्षभरात कोणकोणत्या लहान स्पर्धांत उतरलास तर किती गुण मिळतील, ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा निकालांची बेरीज किती होईल आणि बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीत तू कुठवर चढशील, याचा हिशेब तू फार बारकाईने मांडला आहेस. मात्र एवढ्या मोठ्या पत्रात तू रोज संध्याकाळी कोणाबरोबर खेळतोस, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. मला अस्वस्थ केले ते या एका गोष्टीने, आणि म्हणून बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देऊन मी याच गोष्टीवर येणार आहे.

राष्ट्रीय सेवेविषयी माझे मत तुला आवडणार नाही. सिंगापूरमध्ये वाढलेला, आईवडिलांमुळे स्थायी रहिवासी झालेला मुलगा म्हणून ती दोन वर्षे तुला द्यावीच लागतील. ती कशी टळतील याचा विचार करण्यात आणखी सहा महिने घालवू नकोस. सिंगापूरचा बॅडमिंटनपटू लोह कीन यू यानेही ती सेवा केली आणि त्यानंतर तो जगज्जेता झाला. शिक्षणाबद्दल तुझ्या बाबांशी मी स्वतः बोलेन. त्यांची काळजी खोटी नाही, पण ती आजच सोडवायला हवी अशीही नाही.

आता भारतात परतण्याचा प्रश्न. पुण्यात किंवा बंगळुरूत तुझ्या वयाची, तुझ्याइतकी किंवा तुझ्याहून चांगली खेळणारी मुले एकाच हॉलमध्ये डझनावारी भेटतील, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण त्यातली किती मुले पुढे देशाच्या नावाने कोर्टावर उतरतात, तेही पाहा. ऑलिम्पिकमध्ये एका देशाचे एकेरीत जास्तीत जास्त दोन खेळाडू जातात, तेही दोघे पात्रता यादीत पहिल्या सोळांत असतील तरच. त्यामुळे मोठ्या देशातला तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू कितीही गुणी असला तरी घरी बसतो आणि लहान देशातला, क्रमवारीत त्याच्या बराच खाली असलेला खेळाडू त्या कोर्टावर उभा राहतो. लहान देश तुला प्रवेशिका देतो. प्रतिस्पर्धी देत नाही. तो तुला स्वतः मिळवावा लागतो. तुझे सगळे नियोजन आधीच हाताशी असलेल्या प्रवेशिकेभोवती फिरते आहे आणि जे नाही त्याचा तू शोधच घेत नाहीस.

लोहची गोष्ट तुला पाठ आहे असे तू लिहिलेस, पण तू ती चुकीच्या ठिकाणाहून सुरू करतोस. १९ डिसेंबर २०२१ रोजी स्पेनमधील वेल्वा येथे त्याने किदांबी श्रीकांतला २१-१५, २२-२० असे हरवले आणि तो जगज्जेता होणारा सिंगापूरचा पहिला खेळाडू ठरला, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीच्या काही महिन्यांकडे पाहा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकल्यावर डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सलसेन दुबईत राहायला गेला आणि त्याने निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंना आपल्याबरोबर सरावासाठी बोलावले. लोह गेला, आपला लक्ष्य सेनही गेला. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूने रोज आपल्याला कोर्टभर पळवावे, आपले सगळे कच्चे दुवे उघडे पाडावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच समोर उभे राहावे, असा तो सराव. वेल्वामध्ये पहिल्याच फेरीत लोहसमोर अ‍ॅक्सलसेन आला. पहिला गेम लोहने १४-२१ असा गमावला आणि पुढचे दोन २१-९, २१-६ असे जिंकले. लक्ष्यनेही त्याच स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. याला तू योगायोग म्हणणार असशील तर आपण पुढे बोलण्यात अर्थ नाही. हे दोघे तिथे कसलेही गुण गोळा करायला गेले नव्हते. सरावात हरायला गेले होते.

ग्वाटेमालाच्या केव्हिन कॉर्डोनचेही उदाहरण तू दिले आहेस, पण त्याचा उपयोग तू स्वतःला धीर देण्यासाठी केलास, याचे मला वाईट वाटले. जागतिक क्रमवारीत ५९ वा असलेला, ३४ वर्षांचा डावखुरा खेळाडू टोकियोत उपांत्य फेरीत पोहोचला, म्हणजे आपल्यालाही केव्हातरी संधी मिळेल, असा अर्थ तू काढलास. ती संधी त्याच्याकडे चालत आलेली नव्हती. २०११ आणि २०१५ या दोन्ही वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेचे सुवर्णपदक त्याच्या गळ्यात होते. आपल्या खंडात आपणच अव्वल आहोत या समाधानात तो सुखाने निवृत्त होऊ शकला असता. तसे न करता तो इंडोनेशियाचे प्रशिक्षक मुआमार कदाफी यांच्या हाताखाली घाम गाळत राहिला. म्हणूनच टोकियोत जपानच्या अव्वल मोमोताला हरवून आलेला कोरियाचा हिओ क्वांग-ही समोर आला तेव्हा तो गांगरला नाही. २१-१३, २१-१८ असा जिंकला. पुढे अ‍ॅक्सलसेनकडून आणि कांस्यपदकाच्या लढतीत इंडोनेशियाच्या गिंटिंगकडून तो हरला. पदक मिळाले नाही म्हणून ती कामगिरी मी कमी लेखत नाही, तूही लेखू नकोस.

मी हे इतक्या हट्टाने का लिहितो, ते तुला ठाऊक असायला हवे. आमच्या जिल्ह्यात मी फार लहान वयात अजिंक्य झालो आणि नंतर कितीतरी वर्षे मला तिथे कोणी हरवले नाही. गावात ते भूषण मानले जाई. वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत छायाचित्र येई, सत्कार होई, शाल मिळे. पुण्यात खोली घेऊन राहण्याची आमच्या घरची ऐपत नव्हती आणि मुंबईला वर्षातून एकदा राज्य स्पर्धेसाठी जाणे होई. तिथे पहिल्या-दुसऱ्या फेरीतच माझा बॅकहॅन्ड कोपरा कोणीतरी हेरी आणि सामना संपे. गावी परतल्यावर त्या कोपऱ्यात शटल टाकू शकणारा कोणी नव्हताच, त्यामुळे तो कोपरा वर्षानुवर्षे तसाच राहिला. माझ्यात गुण कमी होते असे मला आजही वाटत नाही. समोर माणूस नव्हता. ही खंत गेलेली नाही आणि ती जावी असेही मला वाटत नाही, कारण तिच्यामुळेच मी बरा प्रशिक्षक झालो.

तू माझ्याकडे शिकायला येत होतास तेव्हा मी चांगल्या मुलांना एकट्याने दोघांविरुद्ध खेळवत असे, हे तुला आठवत असेल. मुलांचा आत्मविश्वास खचतो, घरी येऊन ती रडतात, अशी काही पालकांची तक्रार होती. काहींनी मुले माझ्याकडून काढून दुसरीकडे घातली, जिथे दर महिन्याला कसली तरी स्पर्धा होते आणि प्रत्येकाला चषक मिळतो. मी पद्धत बदलली नाही. ज्या मुलाला आपल्या तोडीचा जोडीदार मिळत नाही, त्याच्यासाठी कोर्टाच्या पलीकडे दोन माणसे उभी करणे एवढाच उपाय माझ्या हातात होता. आजही कोणी विचारले तर मी तेच करायला सांगेन.

तेव्हा तक्ता बाजूला ठेव. दूरदूरच्या, दुबळ्या स्पर्धांच्या विमान तिकिटांवर जो पैसा तू धरला आहेस, तो सेवेत रुजू होण्यापूर्वीच्या महिन्यांत एकाच ठिकाणी खर्च कर. खेळासाठी डेन्मार्कला जाऊन राहणे हे काही नवे धाडस नाही. १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर प्रकाश पदुकोण यांनीही कोपनहेगनचा रस्ता धरला होता. तुला तेवढे लांब जायचीही गरज नाही, कारण मलेशिया पुलापलीकडे आहे आणि इंडोनेशिया समुद्रापलीकडे. ज्या क्लबमध्ये तू पहिल्या दिवशी सर्वांत कमकुवत ठरशील, तो निवड. तिथले प्रशिक्षक तुझ्याकडे फारसे लक्ष देणार नाहीत, जेवण आवडणार नाही, पहिले काही आठवडे एकही गेम जिंकणार नाहीस आणि आईला रोज फोन करावासा वाटेल. फोन कर, पण परत येऊ नकोस. सेवा सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी जो काही तास-दोन तास मिळेल, तोही तुझ्याहून वरचढ खेळाडूसाठीच राखून ठेव. मित्रांबरोबर गंमत म्हणून खेळून तो वाया घालवू नकोस.

क्लबांची नावे तू काढ, पत्रे तू लिही. शिफारस हवी असेल तिथे मी देईन आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाची काळजी करू नकोस, ते मी तुझ्या बाबांशी बोलून पाहतो. यापुढे मला लिहिशील तेव्हा क्रमवारी कळवू नकोस. त्या आठवड्यात सरावात तुला कोणी हरवले, किती गुणांनी आणि कोणत्या कोपऱ्यात, एवढे लिही.

तुझा,
काका